पोटातनं द्यायचं औषध

सावळानानांबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मला शहाणपणाचा आव आणता येणार नाही. नानांनी मला काउंटरवर एक सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी नाना गेले. माझी आई म्हणते, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? तू काय पाजलंस का त्यांना?" नाही पाजलं. पण त्या दिवशी पिशवीत एकीच्या ऐवजी दोन बाटल्या घातल्या त्या मीच, ह्याच हातांनी.

माझं मेडिकल नसरापुरात आहे, वेल्ह्याकडे जाणारी वडापची जीप भरते त्याच्या समोर. डोंगरातलं माणूस खाली उतरलं की त्याला आधी माझीच पाटी दिसते. पूर्वी मी बीपीच्या गोळ्या, मलम, तापाचं सिरप एवढंच विकायची. गेल्या काही वर्षांत त्यात केसांची औषधं आली. पोरं येतात, आधी खोकल्याच्या गोळ्या मागतात, मग मोबाईलमध्ये डोकं घालून उभी राहतात, आणि दुकान रिकामं झालं की हळूच विचारतात, "मॅडम, ते... डोक्याचं आहे का?" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "डोकेदुखीचं?" त्यांचे कान लालबुंद व्हायचे. काउंटरला बाई बसलेली बघून निम्मे तर पायरीवरूनच परत फिरायचे. मला तेव्हा ह्याची फार मजा वाटायची. आता मी असं करत नाही.

नाना मात्र पहिल्यांदा आले ते मेंढरांसाठी. उंच, वाळके, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. वय विचारलं की "पासष्ट धरा" म्हणायचे, आणि मी ओळखत होते तेवढी सगळी वर्षं त्यांनी मला पासष्टच धरायला लावले. वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, जिथवर रस्ता जातो त्याच्याही वर अर्धा तास चढून. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांनी दुकानातल्या तसबिरीवरून ताडलं होतं, म्हणून पायरीवर पाऊल ठेवतानाच "जय भीम ताई" म्हणायचे. मी म्हणायची, "रामराम नाना." ज्याचा नमस्कार त्याला, एवढंच ते होतं आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटायचं नाही.

जंताच्या औषधाची बाटली हातात घेतली की त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. झाकण उघडून वास घ्यायचा, डोळे मिटायचे, बोट बुडवून जिभेवर लावायचं आणि मग दुकानाच्या छताकडे बघत उभं राहायचं. मी पहिल्यांदा ओरडलेच.

"अहो नाना! मेंढराचं औषध आहे ते!"

"मग? मेंढरू बोलतंय व्हय, घशाला लागतंय म्हणून? आदी म्या, मग जनावर."

आणि हे नुसतं जिभेला लावण्यापुरतं नव्हतं. नवं औषध आणलं की ते आदल्या दिवशी स्वतः थोडं घ्यायचे, रात्र काढायचे आणि सकाळी आपण धड आहोत असं बघून मग कळपाला पाजायचे. मी चिडायची, असे नसते प्रयोग करू नका म्हणून सांगायची, आणि ते हसून म्हणायचे, "आजवर मेलोय का?"

वाडीत त्यांच्या नजरेचा धाक होता. एकदा माझ्या दुकानासमोर शेळ्या भरलेला एक टेम्पो चहासाठी थांबला. नाना वडापची वाट बघत उभे होते. त्यांनी टेम्पोत एकदाच डोकावलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ती काळी उतरवून घ्या. कापूरहोळ गाठायची न्हाई ती." ड्रायव्हर हसला. ती काळी शेळी उभी होती, रवंथ करत होती, माझ्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. कापूरहोळ इथून कितीसं लांब! दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर येऊन मला विचारून गेला, कालचे ते पटकेवाले बाबा कोण? शेळी कापूरहोळ फाट्याच्या अलीकडेच आडवी झाली होती. मी हे नानांना सांगितलं तर त्यांना जराही आनंद झाला नाही. "मला आदी दिसतंय, त्येचा उपेग काय? ऐकतंय कोन?" म्हणाले. मग मी विचारलं, दिसतं म्हणजे काय दिसतं? तर म्हणाले, कान बघायचे, श्वास बघायचा आणि पाय बघायचे. पायाच्या सुजेला खोटं बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट लोकरीची. वाडीतल्या मेंढरांची लोकर एका वर्षी झडायला लागली. हात लावावा तर मूठभर लोकर हातात. कुणी तेल चोळलं, कुणी फवारणीचं औषध आणून मारलं. नानांनी कुणाला न विचारता आपल्या कळपाला पोटातनं औषध पाजलं. त्यांच्याकडे त्यासाठी एक जुनी नळी होती. मेंढराची मान वर धरायची, नळीचं तोंड गालाच्या बाजूनं आत सरकवायचं आणि हळूहळू सोडायचं. दीड-दोन महिन्यांत नानांचा कळप पुन्हा भरला, बाकीच्यांची मेंढरं तशीच भुंडी हिंडत राहिली. जंतच झाले होते त्यांना, औषध बरोबर लागू पडलं. पण तेव्हापासून नानांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली आणि ती ते येता-जाता ऐकवायचे, "लोकर अंगावर दिसती, पर येती पोटातनं. वरनं चोळून कुणाचं भलं झालंय?" मीही मान डोलवायची. मेंढराबद्दल बोलतायत म्हटल्यावर मी कशाला वाद घालू?

आता किसन. किसन म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली, बापानं वाढवलेला. सत्ताविसावं चालू होतं, खेड शिवापूरकडच्या एका कंपनीत मशीनवर होता, आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचा आणि सुट्टीला वाडीवर जायचा. कामाला वाघ, बोलायला गरीब. पण डोकं पुढून आणि टाळूवरून विरळ होत चाललं होतं. उन्हाळा असो की पाऊस, टोपी काही उतरायची नाही. आमच्याकडे डोंगरातल्या पोराला मुलगी मिळवणं किती जिकिरीचं झालंय हे वेगळं सांगायला नको. त्यातून भोर तालुक्यातली मनीषा नावाची मुलगी त्याला पसंत पडली, तिलाही तो पसंत पडला. उन्हाळ्यात सुपारी फुटली.

सुपारीच्या पंगतीत मुलीच्या मामानं, चेष्टेनं की खोडीनं देव जाणे, मागून येऊन किसनची टोपी उचलली. सगळा मांडव खो-खो हसला. मामा म्हणाला, "अहो, नवरदेव आणलाय का बिजवर?" किसन पानावरून उठला. मुलगी आत रडली म्हणे. पण मुलीची आई हसलीही नाही आणि रागावलीही नाही. ती नुसती बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरू, तोवर बघू.

ह्या 'तोवर बघू'नं नाना खचले. मला हे सगळं त्यांनीच सांगितलं, दुकानाच्या बाकावर बसून. सांगता सांगता त्यांनी पटका एका बाजूनं वर सरकवला. आत चकचकीत टक्कल. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होते.

"बगा. माज्या बापाचं बी आसंच. पटक्याखाली कुनाचं काय हाय, कोन बगतंय? आमचं झाकलं, त्येचं उघडं पडलं. पोराचा दोष न्हाई ताई. ह्यो रोग म्या दिलाय त्येला."

"रोग नाही हो नाना, वंशपरंपरेनं येतं ते."

"तेच म्हंतोय म्या. म्या दिलेलं म्याच काडनार. हळदीपर्यंत पोराच्या डोस्क्यावर केस पायजेत. न्हाईतर मुलगी जाती आन पोरगं बी जातंय हातचं. कालपास्नं त्यो जेवला न्हाई."

मीच त्यांना भोरला पाठवलं. तिथे आठवड्यातून एकदा त्वचेचे डॉक्टर बसतात. डॉक्टरांनी किसनला नीट तपासलं, डोक्याला लावायचं लोशन आणि रोज एक गोळी लिहून दिली, आणि सगळं समजावून सांगितलं. चार ते सहा महिने लागतील. सुरुवातीला उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. मध्येच बंद करायचं नाही. चिठ्ठी घेऊन बापलेक माझ्याकडे आले. पावसाचे दिवस होते, दोघंही भिजलेले. मी बाटली उघडून दाखवली. ड्रॉपर ह्या खुणेपर्यंत भरायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक, कोरड्या टाळूवर, मग हात धुवायचे. गोळी फोडायची नाही. आणि उद्या लग्न झालं, बायकोला दिवस गेले, तर तिनं फुटलेली गोळी हातातसुद्धा धरायची नाही.

किसन लाजून जमिनीकडे बघत होता. नानांनी मात्र मान वर केली.

"नुसती हातात धरली तरी आत जाती?"

"थोडी जाऊ शकते. म्हणून जपायचं."

"आसं," नाना म्हणाले, आणि गोळीवरून नजर काढून त्या बाटलीकडे बघत राहिले. मी त्यांना भीती घालत होते आणि ते त्यातून औषधाची ताकद मोजत होते, हे मला कळलं नाही. निघताना त्यांनी बोटांवर महिने मोजले. आषाढ, श्रावण, भाद्रपद, अश्विन. "बसतंय बरोबर," म्हणाले.

किसन नेमानं लावत होता. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, दीड महिन्यानं केस जास्त गळायला लागले. सकाळी उशीवर केस, आंघोळीला केस, टोपीत केस. भाद्रपद संपत आला तेव्हा नाना एकटेच माझ्याकडे आले. सकाळची वेळ, दुकानात ही गर्दी. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन उभी, माझ्या कानाला मोबाईल, पलीकडून माल पाठवणारा काहीतरी हिशेब सांगतोय.

"ताई, औषिद उलटं फिरलं."

"फिरलं नाही नाना. जुने गळतात आणि मग नवे येतात. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"येळ न्हाई ताई. हळद जवळ आली." मग काउंटरवर वाकून त्यांनी विचारलं, "ह्येच औषिद पोटातनं बी देत्यात का?"

मी म्हटलं, "देतात ना, ह्या लोशनचीही गोळी येते, किसनच्या गोळीपेक्षा वेगळी. पण अगदी कमी ताकदीची, आणि डॉक्टरच देतात, बीपी बघून."

झालं. एवढंच माझं उत्तर. फोन ठेवायला हवा होता. का विचारताय नाना, असं विचारायला हवं होतं. मी त्या लेकराचं सिरप काढायला वळले. नानांनी दोन बाटल्या मागितल्या. एक किसनच्या खोलीवर, एक घरी, म्हणाले. नाना आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलत होते आणि मला ते ओळखू आलं नाही. मी दोन बाटल्या पिशवीत घातल्या.

त्यानंतर ते दसऱ्याच्या सुमारास आले तेव्हा पायरी चढून काउंटरला टेकले आणि दोन मिनिटं नुसता श्वास घेत राहिले. हा माणूस रोज डोंगर चढणारा. मी म्हटलं, "नाना, आता पासष्ट सोडा, सत्तर धरा." ते हसले. खाली बघितलं तर वहाणेचा पट्टा कापून सैल केलेला. "तुटला?" विचारलं तर म्हणाले, "न्हाई, चावत व्हता." दिवाळीच्या आधी आले तेव्हा तोंड भरल्यासारखं दिसत होतं, डोळ्यांखाली फुगलेलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "घरात कार्य निघालं म्हणून अंगावर मूठभर मांस चढलं वाटतं!" औषधांचं शिक्षण घेतलेली बाई मी, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं आहे माझं. जीभ झडो माझी.

दिवाळी उलटली. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नाना आले आणि बाकावर बसून राहिले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत ते थांबले, अगदी ती केसांचं औषध मागणारी पोरं थांबतात तसे. मग उठून काउंटरशी आले, चेहरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, बगा. लागू पडलं."

आधी मला समजेना काय बघायचं. मग दिसलं. भुवयांच्या वर, सगळ्या कपाळावर, बारीक काळी लव उगवली होती. दोन भुवयांच्या मध्ये, गालांवर डोळ्यांच्या खालपर्यंत, कानांच्या पाळ्यांवर. म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या कातडीवर तान्ह्या पोराच्या जावळासारखे काळेभोर केस. सुजलेल्या चेहऱ्यातून नाना आनंदानं हसत होते.

"नाना, काय केलंत तुम्ही?"

त्यांनी कनवटीतून लोकरीचा एक दोरा काढला. त्याला ओळीनं गाठी मारलेल्या होत्या. "रोज एक डापर. वरनं येका येळंला लावायचं तेवढंच, पर पोटातनं. एक डापर, एक गाठ. येक्केचाळीस झाल्या. आदी जळजळलं, मग छाती धडधडली, म्या म्हणलं करतंय काम. पंदरवड्यापास्नं हे याया लागलं. डोस्क्यावर बी आलंय, बगा."

लोशनचा तो एक ड्रॉपर म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. डॉक्टर हेच औषध केसांसाठी गोळीतून देतात तेव्हा जेवढं देतात, त्याच्या वीस-वीस पट नाना रोज पीत होते. हे औषध मुळात रक्तदाब उतरवणारं. मी त्यांना ओढून बाकावर बसवलं आणि हाताला पट्टा बांधला. वरचा आकडा ऐंशीच्या घरात, नाडी एकशेतीस. मला एकच गोष्ट विचारायची होती.

"किसनला दिलंत?"

"न्हाई अजून."

"खरं सांगा नाना!"

"लेकराच्या बाबतीत खोटं सांगीन व्हय? पन्नास गाठी झाल्याबिगर त्येला न्हाई. नऊ ऱ्हायल्या. त्यो ज्वान हाय, त्येला दुप्पट धरलंय. हळदीपर्यंत बसल बगा सगळं."

मी त्यांच्यावर ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली एवढी ओरडले. "अहो, तुमच्या अंगात पाणी साचलंय! पाय बघा तुमचे! दुसऱ्यांच्या शेळ्यांचे पाय बघता, स्वतःचे बघा!"

नानांनी खाली बघितलं. मग वाकून, धापा टाकत, घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. त्या खड्ड्याकडे ते बराच वेळ बघत होते. कुणा दुसऱ्याच्या जनावराला तपासताना त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"व्हय की," ते हळू म्हणाले. "मेंढराचं असतं तर कवाच ओळखलं असतं."

त्यांना कळलं होतं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, किती दिवस उरलेत तेसुद्धा.

दुकान तसंच उघडं टाकून मी त्यांना रिक्षात घातलं. किसन कंपनीतून तडक दवाखान्यात आला. छातीत, हृदयाच्या भोवती पाणी झालं होतं. डॉक्टरांनी सुईनं काढलं, औषधं लावली, जे करायचं ते सगळं केलं. पण किडन्या आधीच दमलेल्या निघाल्या, आणि वय काही पासष्ट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. नाकाला नळी, हाताला नळी, डोक्याला पटका नाही. टाळूवर खरोखरच बारीक लव आली होती. किसन बाहेर औषधं आणायला गेला होता. मी जवळ गेले तशी नानांनी डोळे उघडले आणि मला खाली वाकायची खूण केली. वाटलं, काहीतरी निरवानिरव करणार.

"मला जास्त झालं," ते म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये श्वास तुटत होता. "हे मान्य. माजा अंदाज चुकला. पर केस आलं, हे तुमी डोळ्यानं बगितलं का न्हाई?"

"बघितलं नाना."

"मग आता खरं सांगा. किसनाला केवडं द्याचं?"

मला रडू फुटलं. "काही द्यायचं नाही हो नाना. पोटातनं त्या डॉक्टरांच्या गोळीशिवाय काहीच नाही. लोशन डोक्याला लावायचं आणि वाट बघायची. तो बरोबर करतोय. त्याचं सगळं बरोबर चाललंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेळीचा तो ड्रायव्हर हसला होता तेव्हा त्याच्याकडे बघितलं होतं अगदी तसं, ह्या माणसाला काही दिसत नाही म्हणून कीव करत. "वाट," ते म्हणाले. "अठरा दिसांवर हळद आली, ताई." आणि डोळे मिटले. मी पाहिलेले नाना ते शेवटचे. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

घरातली बाटली किसननं शोधून माझ्याकडे आणून दिली. बाटलीबरोबर ती मेंढरांची नळीही होती. नळीला दोन ठिकाणी काळा दोरा बांधलेला होता, एक खाली आणि एक वर. वरची खूण कुणासाठी होती हे त्यानं मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. बाटली मी मोरीत रिकामी केली.

आमच्यात दहावा नसतो. तरी मी गेले. वाडीच्या खाली ओढ्यावर माणसं जमली होती. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले. मुलीकडचेही आले होते, मनीषा, तिची आई आणि तो मामा. मामाची मान वर होत नव्हती. किसन टोपी काढून दगडावर बसला होता. नाभिक म्हणून वेल्ह्याचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी किसनच्या डोक्याला पाणी लावलं, टाळूवरून अंगठा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला.

"आरं," ते म्हणाले, "हितं तर नवं फुटलंय. चांगलं दाट फुटलंय की."

आषाढापासून चार महिने भरले होते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. म्हाताऱ्यानं वस्तरा खाली धरला आणि आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, आजकाल नुसती एक बट कापली तरी चालतं. मनीषाची आई म्हणाली, "राहू द्या हो, नका काढू." मामासुद्धा काहीतरी पुटपुटला.

किसननं मान आणखी खाली घातली. "बापाचं हाय," तो म्हणाला. "सगळं काडा."

वस्तरा फिरला. बाकी सगळा विधी आटोपल्यावर माणसं वाडीकडे चढायला लागली आणि किसन माझ्यापाशी आला. भुंडं डोकं, पाण्यानं ओलं. त्यानं टाळूवर हात ठेवला, जिथे माणसाला स्वतःचं स्वतःला कधी दिसत नाही तिथे.

"ताई, त्यो वस्तरेवाला म्हातारा उगं बरं वाटावं म्हणून बोलला का? का खरंच आलं व्हतं?"

"आलं होतं," मी म्हणाले. "मी बघितलं."